ब्रिटिशांचा संकोच आणि त्यांचा विनोद : नव्याने राहायला जाणाऱ्यांसाठी

शिक्षणासाठी, रुग्णालयातील नोकरीसाठी किंवा कंपनीच्या कामावर ब्रिटनमध्ये राहायला जाणाऱ्या मराठी माणसाला तिथली भाषा सहसा अडवत नाही. अडते ते लिफ्टमध्ये, बसथांब्यावर, ऑफिसच्या चहाच्या ओट्यापाशी आणि शेजाऱ्याच्या दारात, म्हणजे जिथे महत्त्वाचे काही बोलायचेच नसते तिथे. समोरचा माणूस हसून बोलतो पण जवळ येत नाही, नकार देत नाही पण होकारही देत नाही, आणि विनोद करतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. या वागण्याला शिष्टपणा समजून अनेक जण दुखावतात आणि वर्षानुवर्षे आपल्याच माणसांच्या कोंडाळ्यात राहतात.

पुढील सूचनांच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे. समोरच्या माणसाला कोणत्याही गोष्टीसाठी भाग पाडू नये, उत्तर द्यायला, चूक कबूल करायला, हसायला किंवा मैत्री स्वीकारायला तो बांधील राहू नये आणि त्याला मान न गमावता मागे सरता यावे, अशा बेताने तिथली वाक्ये रचलेली असतात. विनोदाचे कामही बव्हंशी हेच असते. खरे ते बोलून टाकायचे, पण वेळ आलीच तर ‘गंमत केली’ म्हणून ते मागे घेता यावे, एवढी सोय त्यात ठेवलेली असते.

भेट, हवामान आणि चौकशी

सकाळी कोणी “यू ऑल राइट?” असे विचारले, तर आपल्या प्रकृतीची चौकशी झाली असे समजू नये, तो नमस्कार असतो. “येस थँक्स, यू?” एवढे म्हणून चालत राहावे. रात्रभर झोप नव्हती, घरमालक त्रास देतो, गुडघा धरला आहे, ही माहिती त्या क्षणी देऊ नये, कारण विचारणारा बहुधा थांबलेलाही नसतो. दिवस बरा चालला असेल तर “नॉट टू बॅड” म्हणावे, आणि वाईट चालला असेल तरीही तेच म्हणावे.

हवामानाच्या गप्पांविषयी पुष्कळ थट्टा होते, परंतु अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे एकाच दिवसात ऊन, पाऊस आणि गारठा अनुभवणाऱ्या, १८५४ सालापासून सरकारी हवामान खाते चालवणाऱ्या देशात हा विषय निघणे स्वाभाविकच आहे. नवागताने एवढेच लक्षात ठेवावे की येथे माहितीची देवाणघेवाण चाललेली नसून ओळख नसलेल्या दोन माणसांना शेजारी उभे राहण्याचे निमित्त मिळालेले असते. त्यामुळे “गारठा आहे, नाही?” या वाक्याला आधी होकार द्यावा आणि मग हवी तर किंचित भर घालावी. “छे, मला तर काहीच वाटत नाही” हे उत्तर सत्य असले तरी अपुरे ठरते, आणि “आमच्या नागपुरात पंचेचाळीस अंश असतात” हे तर संभाषण संपवण्याचे हमखास साधन आहे. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली, तेव्हा त्या देशात पारा पहिल्यांदाच चाळिशीच्या पुढे गेला. बहुतेक घरांत वातानुकूलन नाही आणि घरे बांधली जातात ती ऊब टिकवण्यासाठी. अशा दिवशी विदर्भातल्या माणसाने मान डोलावून “भयंकर आहे” म्हणणे हेच शहाणपणाचे.

नवीन ओळखीत पगार, घरभाडे, वय, लग्न आणि मुले यांविषयी विचारू नये. आपल्याकडे ही आपुलकीची चौकशी असते. तिथे त्या प्रश्नाने समोरचा माणूस उत्तर आणि खोटे यांच्यामध्ये सापडतो. आई-बाबा सुट्टीत राहायला येणार असतील तर शेजारच्या बाईंना ते पहिल्याच दिवशी काय विचारतील याचा अंदाज घेऊन त्यांना विमानतळावरून घरी आणतानाच ही कल्पना देऊन ठेवावी.

सॉरी, रांग आणि पबचा काउंटर

दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला असता आपण “सॉरी” म्हणणे ही तिथली रीत आहे, आणि ती आपोआप अंगवळणी पडते. या शब्दाने अपराध मान्य होत नाही. ऐकू आले नाही, पुढे जायचे आहे, बोलण्यात मध्ये पडायचे आहे, दुकानदाराला हाक मारायची आहे, अशा प्रत्येक प्रसंगी तो वापरावा. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उच्चारला गेला की प्रकरण मिटते. कोणाची चूक होती हे ठरवत बसण्याची गरज उरत नाही.

रांगेची शिस्त सर्वांना ठाऊक असते, तिच्यातील शिक्षापद्धती मात्र समजून घ्यावी लागते. कोणी मध्ये घुसले तर आवाज चढत नाहीत. आधी एखादा सुस्कारा, मग शेजाऱ्याशी एक नजर, मग जिभेने काढलेला “टच्च” असा आवाज, आणि अगदीच अनावर झाले तर “सॉरी, मला वाटते रांग तिकडून सुरू होते” हे वाक्य. हे वाक्य आपल्याला उद्देशून आले, तर ते चारचौघांत झालेले कठोर भांडण समजावे आणि वाद न घालता मागे जावे. तीन माणसे विस्कळीत उभी असतील तर “सॉरी, आर यू इन द क्यू?” असे विचारावे, उत्तर उघड दिसत असले तरीही.

पबमध्ये हा नियम अदृश्य रूपात असतो आणि म्हणून नवख्याची तिथे हमखास फजिती होते. बहुतेक जुन्या पबांत टेबलापाशी बसून वाट पाहिली तर कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही. काउंटरवरच जावे लागते. तिथे माणसे आडवी पसरून उभी असतात, रांग दिसत नाही, तरीही कोण कोणाच्या आधी आले हे प्रत्येकाला, आणि मुख्य म्हणजे काउंटरमागच्या माणसाला, नेमके ठाऊक असते. हाक मारू नये, चुटकी तर मुळीच वाजवू नये, कार्ड हलवून दाखवू नये. काउंटरला टेकून त्याच्याकडे अधूनमधून पाहावे, एवढे पुरते. त्याने चुकून आपल्यालाच आधी विचारले तर शेजाऱ्याकडे हात करून “हे माझ्या आधी आले आहेत” असे सांगावे. अनोळखी माणसाकडून सद्भावना मिळवण्याचा त्या देशात याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

चार जण एकत्र गेले की प्रत्येक जण पाळीपाळीने सर्वांसाठी पेये आणतो. दारू न पिणाऱ्याने लिंबूपेय घ्यावे, त्याबद्दल कोणी फारसे विचारत नाही. पण आपली पाळी चुकवू नये. इतरांनी आणलेली तीन पेये घेऊन घड्याळ पाहत उठून गेलेल्या माणसाला तोंडावर कोणी काही म्हणणार नाही, परंतु पुढची पाचदहा वर्षे ते विनोदाच्या रूपाने त्याच्या कानावर येत राहील. लवकर निघायचे असल्यास “मी माझे मीच घेतो, मला लवकर जायचे आहे” असे सुरुवातीलाच सांगून मोकळे व्हावे.

भुयारी रेल्वे आणि आरक्षित जागा

लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी सोडावी. २०१५ च्या अखेरीस होबर्न स्थानकावर दोन्ही बाजूंना उभे राहण्याचा प्रयोग झाला. त्याने गर्दी अधिक वेगाने वर येते असे दिसले, पण प्रवाशांची नाराजीच एवढी होती की जुनी सवयच टिकली. डब्यात अनोळखी माणसाशी बोलू नये, डोळ्याला डोळा भिडल्यास नजर जाहिरातीकडे वळवावी. कोणाला बसायला जागा द्यावी हा प्रश्नसुद्धा तिथे इतका अवघड ठरतो की गर्भवती स्त्रियांसाठी २००५ साली ‘बेबी ऑन बोर्ड’ हा बिल्ला काढावा लागला, आणि २०१७ पासून बाहेरून न दिसणारा आजार किंवा अपंगत्व असलेल्यांसाठी ‘प्लीज ऑफर मी अ सीट’ हा दुसरा बिल्ला आला. एखादी बाई गर्भवती आहे असा चुकीचा अंदाज बांधून उठण्यापेक्षा मोबाइलमध्ये डोके खुपसणे लोकांना सोपे वाटत होते. बिल्ल्याने दोघांचीही सुटका केली. बिल्ला दिसला की काहीही न विचारता उठावे.

लांबच्या गाडीत आपल्या आरक्षित जागेवर कोणी बसलेले असते, तेव्हा खरी परीक्षा होते. “ही माझी जागा आहे, उठा” हे मराठी सरळपणाचे वाक्य कायद्याने बरोबर असले तरी त्याने डबा गोठतो. त्याऐवजी हातातल्या तिकिटाकडे पाहत, जणू आपलाच काही घोटाळा झाला असावा अशा सुरात, “सॉरी, मला वाटते मी बेचाळीस नंबरवर आहे?” असे म्हणावे. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह ऐकू आले पाहिजे. बसलेला माणूस मग वरच्या फलकाकडे पाहतो, आश्चर्य वाटल्याचा अभिनय करतो, तीनदा क्षमा मागतो आणि उठतो. आपणही क्षमा मागावी. त्याला आधीपासून माहीत होते, हे दोघांनाही माहीत असते. त्याचा उच्चार करायचा नसतो.

गाडी बोगद्यात अर्धा तास अडकली की मात्र संकोच वितळतो. कोणाकडेही न पाहता कोणी तरी “छान, आज लवकरच घरी पोहोचणार तर” असे पुटपुटतो. यावर खळखळून हसू नये आणि “नाही, उशीर होणार आहे” असे दुरुस्तही करू नये. भुवया उंचावून नाकातून हलकेसे हसावे. गाडी सुटली की संभाषण संपलेले असते.

ऑफिसमध्ये

चहा एकट्यासाठी करू नये. उठताना आसपासच्या चारपाच जणांना विचारावे, आणि दुसरे विचारतात तेव्हा अधूनमधून होकारही द्यावा, कारण कधीच चहा न घेणाऱ्याला कधीच चहा करावाही लागत नाही, आणि हे हिशेब मनात ठेवले जातात.

कामावरची टीका ओळखणे हे त्याहून अवघड. वरिष्ठांनी प्रस्ताव “इंटरेस्टिंग” आहे म्हटले तर आनंदित होऊ नये. “ब्रेव्ह” आहे म्हटले तर सावध व्हावे. “क्वाइट गुड” हे इंग्लंडमध्ये पुष्कळदा ‘ठीक आहे’ याच्या जरा खालीच बसते. आणि “माझ्या काही किरकोळ सूचना आहेत” असे म्हटले तर संध्याकाळचे बेत रद्द करावेत. उलट “नॉट बॅड ॲट ऑल” ही भरघोस प्रशंसा असू शकते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा एक साधा उपाय करावा. “हे आवडले का?” असे विचारल्यास नेहमी “हो” हेच उत्तर मिळते, “यातला कोणता एक भाग तुम्ही आधी बदलाल?” असे विचारल्यास समोरच्याला आपल्याला न दुखावता खरे बोलण्याची संधी मिळते आणि तो बहुधा ती घेतो. ईमेलमध्ये “मागच्या ईमेलमध्ये म्हटल्याप्रमाणे” हे शब्द आले, तर ते रागाने लिहिलेले आहेत असे समजून तोच ईमेल पुन्हा वाचावा. ज्या देशाच्या लोकसभागृहात दुसऱ्या सभासदाला खोटारडा म्हणण्यास मनाई आहे आणि जिथे विन्स्टन चर्चिल यांचा १९०६ मधला ‘टर्मिनॉलॉजिकल इनएग्झॅक्टिट्यूड’ हा लांबलचक शब्दप्रयोग असत्याचे सभ्य नाव म्हणून रूढ झाला, तिथे कारकुनी ईमेलही त्याच घराण्यातला असणार.

स्तुती झाली तर ती टोलवावी. “छे, कसचं काय” म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. कोट सुंदर आहे असे कोणी म्हटले तर तो सेलमध्ये किती स्वस्तात मिळाला ते सांगून टाकावे. नोकरीच्या मुलाखतीत मात्र ही नम्रता घरी ठेवावी. तिथे प्रत्येक जण केलेले काम स्पष्ट सांगतो, फक्त सूर खालचा ठेवतो.

घरी जाणे आणि घरी बोलावणे

“कधी तरी जेवायला भेटूच” हे आमंत्रण नसते. दिवस आणि वेळ ठरली तरच ते आमंत्रण होते. सात वाजता बोलावले असेल तर सात वाजून दहा मिनिटांनी पोहोचावे. सातच्या आधी कधीही जाऊ नये. यजमान अजून ओले केस पुसत असतात. वाइनची बाटली, फुले किंवा चॉकलेट न्यावे. शाकाहारी असल्यास ते आमंत्रण स्वीकारतानाच सांगावे, ताटापाशी नव्हे.

यानंतरचा मुद्दा मराठी घरांतून गेलेल्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पहिला नकार हा शिष्टाचार असतो, दुसरा संकोच असतो, आणि तिसऱ्या वेळी यजमान ताटात वाढूनच मोकळे होतात. ब्रिटनमध्ये पहिला नकार खरा मानला जातो. “आणखी बटाटे घेणार?” या प्रश्नाला आपण सवयीने “नको नको” म्हटले की भांडे पुढे सरकते आणि परत येत नाही, भूक असेल तर पहिल्याच वेळी “हो, थँक्यू” म्हणावे. भांड्यातला शेवटचा तुकडा मात्र कोणीच घेत नाही. तो हवाच असेल तर आधी सर्वांना देऊ करावा आणि सर्वांनी नाकारल्यावर, नाइलाज झाल्यासारखे, घ्यावा.

हेच उलट बाजूनेही लागू होते. ब्रिटिश सहकाऱ्याला घरी बोलावले, किंवा १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या ठिकाणी गणेशोत्सवाला नेले, तर आग्रह एकदाच करावा. तिसरी पुरणपोळी ताटात पडली तर तो नाकारू शकणार नाही. ती हसतमुखाने संपवील, अप्रतिम होती म्हणेल, आणि पुढच्या वर्षी नेमके त्याच दिवशी त्याला दुसरे काम निघेल.

निघण्याची वेळ यजमान कधीच सांगत नाहीत. पण त्यांनी मांडीवर दोन्ही हात आपटून “राइट” असा सुस्कारा टाकला, किंवा “तुम्हालाही उद्या लवकर उठायचे असेल” अशी आपली काळजी केली, की उठावे. दारात आणखी दहा मिनिटे बोलणे होतेच.

थट्टा आणि तिची हद्द

ओळख वाढली आहे याची खूण म्हणजे आपली थट्टा सुरू होणे. सभ्यपणे वागवला जाणारा माणूस अजून पाहुणाच असतो. कोणी आपल्या छत्री विसरण्यावर रोज बोलू लागले तर ते जवळिकीचे लक्षण समजावे आणि उत्तरादाखल स्वतःवरच एक पाऊल पुढे जाऊन विनोद करावा. खुलासा देऊ नये. स्वतःहून सुरुवात करताना आधी स्वतःची, मग हवामानाची किंवा रेल्वेची, आणि बऱ्याच काळाने समोरच्याची थट्टा करावी. त्याच्या शाळेची, बोलीची, घराण्याची थट्टा परक्याने करू नये; वर्गभेदाची जखम तिथे वरून दिसते त्यापेक्षा खोल आहे.

मात्र थट्टा सहन करणे हे कोणाचेही कर्तव्य नाही. वर्ण, धर्म, उच्चार किंवा मूळ देश यांवरचे टोमणे ‘बँटर’ (हलकीफुलकी थट्टा) या गोंडस नावाखाली खपवले जातात. यॉर्कशायर क्रिकेट क्लबमधील वर्णद्वेषाचे प्रकरण २०२१ साली गाजले आणि क्लबचे माजी खेळाडू अझीम रफीक यांनी संसदीय समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा या शब्दाआड काय काय लपते हे साऱ्या देशाने ऐकले. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टनुसार कामाच्या ठिकाणी असा छळ बेकायदा आहे. पहिल्या वेळी न हसता, शांतपणे “म्हणजे काय, मला समजले नाही” असे म्हणून समोरच्याला विनोद समजावून सांगायला लावावे. बहुतेक जण तिथेच अडखळतात. पुन्हा घडल्यास तारीखवार लिहून ठेवावे आणि लेखी तक्रार करावी. तिथे संकोच पाळू नये.

वर जे लिहिले ते लंडन आणि दक्षिण इंग्लंडला अधिक लागू आहे. न्यूकॅसलमध्ये दुकानातली बाई आपल्याला लाडाने “पेट” म्हणेल, स्टोकमध्ये “डक”, ग्लासगोत बायकांना “हेन”. ब्रिस्टलमध्ये बसमधून उतरताना चालकाला “चिअर्स, ड्राइव्ह” म्हटले नाही तर चुकल्यासारखे वाटेल. उत्तरेत बसथांब्यावर कोणी आपल्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगू लागले तर दचकू नये.

कमी करून सांगणे कुठे थांबवावे

मोठी गोष्ट लहान करून सांगण्याचे ब्रिटिशांना कौतुक आहे. २४ जून १९८२ च्या रात्री जावा बेटाजवळ आकाशात ज्वालामुखीच्या राखेत शिरून ब्रिटिश एअरवेजच्या ९ क्रमांकाच्या उड्डाणाची सर्व इंजिने थांबली, तेव्हा कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितले की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिने बंद पडली आहेत, ती सुरू करण्याची आम्ही पराकाष्ठा करीत आहोत, आणि आपण फार चिंतेत नसाल अशी आशा आहे. विमान जकार्ताला सुखरूप उतरले आणि ही उद्घोषणा अजरामर झाली.

परंतु हीच सवय परक्याशी बोलताना महागात पडते. एप्रिल १९५१ मध्ये कोरियातील इमजिन नदीकाठी चिनी फौजांच्या वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिश तुकडीविषयी ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकी सेनापतीला परिस्थिती “अ बिट स्टिकी” आहे असे कळवले, अशी प्रसिद्ध हकीकत आहे. अमेरिकी माणसाने त्याचा अर्थ ‘जरा कठीण, पण चालेल’ असा घेतला. वेढ्यातल्या त्या ग्लॉस्टरशायर रेजिमेंटचे ५०० हून अधिक सैनिक युद्धकैदी झाले.

म्हणून तिथे रुळल्यावर, ही भाषा जिभेवर बसल्यावर, एक पथ्य पाळावे. डॉक्टरांसमोर “जरासे दुखते” म्हणू नये. छातीत किती वेळापासून दुखते आहे, वेदना हातात जाते का, जिना चढताना थांबावे लागते का, हे आकड्यांसह सांगावे, कारण समोरचा डॉक्टर स्वतः तिथेच वाढलेला असला तरी भेटीच्या दहा मिनिटांत त्याला आपल्या संकोचाचा गुणाकार करायला वेळ नसतो. तातडीचे पण प्राणांतिक नसेल तर १११ आणि जिवावरचे असेल तर ९९९ हा क्रमांक फिरवावा, आणि फोनवर “सॉरी टू बॉदर यू” असे म्हणण्यात वेळ न घालवता आधी पत्ता सांगावा.